हुकलेला करंडक, उरलेली नोंद

विद्यार्थी अभियंत्यांच्या स्पर्धांतील अपयशाचा अभ्यास कसा करावा?

पनवेल शहराला लागून असलेले करंजाडे हे एकेकाळचे शेतीचे गाव. सिडकोने येथे वसाहत आखली, रस्ते आणि भूखंड पाडले, आणि नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी ज्यांना आपली घरे सोडावी लागली, त्यांपैकी काही कुटुंबांचे पुनर्वसनही करंजाडे-वडघरच्या परिसरात झाले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. भातशेती आणि मिठागरांच्या पट्ट्यात दोन-तीन दशकांत घडलेले हे परिवर्तन येथील तरुण पिढी डोळ्यांसमोर पाहत वाढली आहे. यंत्र, बांधकाम आणि विद्युत-व्यवस्था यांचे तिला आकर्षण वाटावे, यात नवल नाही. नवीन पनवेल, कामोठे, खारघर या भागांत अभियांत्रिकी शिक्षणाच्या सोयी झाल्यामुळे ज्या घरांत पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, अशा घरांतील मुले-मुलीही आज अभियंता होण्याचे स्वप्न पाहत आहेत.

या शिक्षणक्रमाला अलीकडच्या काळात एका नव्या उपक्रमाची जोड मिळाली आहे. ती म्हणजे विद्यार्थ्यांच्या अभियांत्रिकी स्पर्धा. कोठे स्वतः बांधलेली मोटार धावपट्टीवर पळवावयाची असते, कोठे यंत्रमानवाकडून खेळ खेळवून घ्यावयाचा असतो. विद्यार्थी वर्षभर रात्री जागवितात, वर्गणी काढतात, कारखान्यांचे उंबरे झिजवितात, आणि स्पर्धेच्या दिवशी काही मिनिटांत सारे संपते. ज्या स्पर्धेत साठ संघ उतरतात, तेथून एकोणसाठ संघ पहिल्या पारितोषिकावाचून परततात. हा साधा हिशेब असूनही या एकोणसाठ संघांनी परत आल्यावर काय करावे, याचा विचार मात्र आपल्याकडे फारसा होत नाही. विजेत्यांचे सत्कार होतात; पराभूतांचे यंत्र कार्यशाळेच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली जाते. त्या ताडपत्रीखाली नेमके काय झाकले जाते, आणि ते झाकले जाऊ नये म्हणून शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी व लोकप्रतिनिधींनी काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळ आपला, करंडक परका

महाराष्ट्राला या विषयाचा अनुभव घरबसल्या आलेला आहे. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन ही आशिया व प्रशांत महासागर परिसरातील प्रसारण संस्थांची संघटना. तिच्या विद्यमाने २००२ सालापासून विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी 'रोबोकॉन' ही यंत्रमानवांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरविली जाते. दरवर्षी यजमान देश बदलतो आणि तो देश आपल्या संस्कृतीतील एखादा प्रसंग किंवा खेळ विषय म्हणून निवडतो. २००८ साली यजमानपद दूरदर्शनच्या द्वारे भारताकडे आले आणि स्पर्धा पुण्यात, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत झाली. त्या वर्षीचा विषय होता गोविंदा, म्हणजेच आपली दहीहंडी. उंचावरील मडक्यांतून यंत्रमानवांनी लोणी काढावयाचे, असा तो खेळ. दहीहंडी ज्या भूमीत थरावर थर रचून फोडली जाते, त्याच भूमीत, पुण्याच्या मैदानावर ही यांत्रिक हंडी फोडून करंडक नेला तो चीनच्या शिआन जिआओतोंग विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी.

सहा वर्षांनी, २०१४ साली, ही स्पर्धा पुन्हा बालेवाडीतच भरली. या वेळी विषय होता मातापित्यांना वंदन. एका यंत्रमानवाने पालक व्हावयाचे, दुसऱ्याने बालक. पालकाने बालकाला उचलून खेळाच्या बागेत न्यावे आणि सी-सॉ, झोका, खांबांवरील चाल व चढण्याची जाळी असे खेळ त्याच्याकडून करवून घ्यावेत, अशी ती रचना होती. विषय पुन्हा भारतीय कुटुंबजीवनातून निवडलेला. करंडक मात्र व्हिएतनामच्या लाक होंग विद्यापीठाकडे गेला.

आपलाच सण, आपलेच मैदान आणि तरीही करंडक परक्या हाती, ही गोष्ट मनाला लागणारी आहे. परंतु मनाला लागणे आणि त्यातून शिकणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली आपोआप घडते; दुसरी प्रयत्नपूर्वक घडवावी लागते.

यजमानांचा पराभव : इतरांचा अनुभव

घरच्या मैदानावर करंडक गमावणारा भारत हा एकटा देश नव्हे. या स्पर्धेचे मूळ जपानमध्ये आहे. तेथील प्रसारण संस्था एनएचके हिने १९८८ साली तंत्रविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी अशी स्पर्धा सुरू केली. अशा या जन्मभूमीत, टोकियो येथे, आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००२, २००९ आणि २०१७ अशी तीन वेळा भरली. पहिल्या वेळी व्हिएतनाम, दुसऱ्या वेळी चीन आणि तिसऱ्या वेळी पुन्हा व्हिएतनाम विजयी झाले. जपानने विजेतेपद मिळविले ते परक्या भूमीवर: २००५ साली बीजिंगमध्ये आणि २०१३ साली व्हिएतनाममधील दा नांग येथे.

व्हिएतनामचे उदाहरण याहून बोलके आहे. २००२, २००४ आणि २००६ अशा तीन स्पर्धा हो ची मिन्ह शहराच्या तंत्रविद्यापीठाने जिंकल्या. २००७ साली स्पर्धा त्यांच्याच राजधानीत, हनोई येथे आली, तेव्हा करंडक चीनने नेला. २०१३ साली दा नांगमध्ये तो जपानने नेला. लगेच पुढच्या वर्षी पुण्यात मात्र व्हिएतनाम विजयी ठरला. २०१८ साली स्पर्धा तिसऱ्यांदा त्यांच्या देशात, निन्ह बिन्ह येथे भरली, तेव्हा लाक होंग विद्यापीठाने ती घरच्या मैदानावर जिंकली. हे लाक होंग राजधानीतील प्रतिष्ठित सरकारी विद्यापीठ नव्हे. १९९७ साली बिएन होआ या औद्योगिक शहरात स्थापन झालेली ती एक खासगी संस्था आहे. २०१४, २०१७ आणि २०१८ अशी तीन विजेतेपदे तिने मिळविली. एका वर्षीचा विजय हा एखाद्या हुशार तुकडीचा असू शकतो. पाच वर्षांत तीन विजय मिळतात, तेव्हा तुकड्या बदललेल्या असतात, विद्यार्थी पदवी घेऊन गेलेले असतात. टिकून राहिलेली असते ती संस्था.

तीन मिनिटांत काय बिघडते?

यंत्रमानवांच्या या स्पर्धेतील एक सामना साधारणतः तीन मिनिटांचा असतो. महाविद्यालयाच्या कार्यशाळेत शंभर वेळा बिनचूक चाललेले यंत्र त्या तीन मिनिटांत का अडखळते, हे नवख्या प्रेक्षकाला कळत नाही. पुष्कळदा संघालाही कळत नाही. 'नशीब नव्हते' असे म्हणून विषय संपविला जातो. वस्तुतः यातील बहुतेक कारणे ओळखीची आणि टाळता येण्यासारखी असतात.

पहिले कारण म्हणजे बदललेली परिस्थिती. मैदानावरील पांढरी रेषा पाहून चालणारा यंत्रमानव प्रकाशाच्या परावर्तनावर अवलंबून असतो. कार्यशाळेतील नळीदिव्यांच्या उजेडात त्याचे संवेदक जुळविलेले असतात. स्पर्धेत चित्रीकरणाचे प्रखर दिवे लागतात आणि त्याला पांढरे काय व रंगीत काय, हे ओळखता येईनासे होते. घरी लादीवर फिरणारे चाक रंग दिलेल्या लाकडी फळ्यांवर घसरते.

दुसरे कारण विजेरीचे. मोटार अमुक सेकंद फिरवली की यंत्र अमुक अंतर जाते, असे गणित करून आज्ञावली लिहिली जाते. पण विजेरी पूर्ण भरलेली असता मोटार वेगाने फिरते आणि चार सामन्यांनंतर मंदावते. वेळ तीच, पण अंतर बदलते. त्यावर उपाय असा की, वेळ न मोजता चाकाचे फेरे मोजणारे साधन बसवावे व त्यावरून अंतर ठरवावे. हा उपाय महागडा नाही; परंतु तो सुचण्यासाठी आधी कोणाला तरी कारण शोधावे लागते.

तिसरे कारण प्रवासाचे. यंत्र ट्रकमधून किंवा आगगाडीतून शेकडो किलोमीटर जाते. कंपनाने स्क्रू ढिले होतात, डाख दिलेला सांधा सुटतो, तारेची जोडणी निसटते. निघण्यापूर्वी आणि पोहोचल्यानंतर तपासावयाच्या गोष्टींची लेखी यादी असेल, तर हा दोष दहा मिनिटांत सापडतो. यादी नसेल, तर तो सामन्यात सापडतो.

चौथे आणि सर्वांत घातक कारण म्हणजे अखेरच्या रात्री केलेला बदल. प्रतिस्पर्ध्याचे यंत्र पाहून आपलेही अधिक वेगवान करण्याचा मोह होतो. रात्री आज्ञावली बदलली जाते आणि सकाळी, पुरेशी चाचणी न घेता, यंत्र मैदानात उतरते. चाललेले बिघडते आणि कोणत्या बदलाने बिघडले, तेही सांगता येत नाही. कारण बदल लिहून ठेवलेला नसतो.

हजार गुणांचा हिशेब

मोटारींच्या स्पर्धांतही हेच दिसते. अमेरिकेतील ऑटोमोटिव्ह अभियंत्यांची संस्था एसएई हिच्या नियमांनुसार होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला मोटार स्पर्धेत एकूण १००० गुण असतात. त्यांपैकी अभिकल्पाला १५०, खर्चाच्या हिशेबाला १०० आणि व्यवसाय-योजनेच्या सादरीकरणाला ७५ गुण. म्हणजे मोटार एक फूटही न हलता ३२५ गुणांचा निवाडा होतो. उरलेल्या गुणांत प्रवेगाला १००, वळणावरील पकडीला ७५ आणि एकट्या मोटारीने धावपट्टीवर घ्यावयाच्या वेगवान फेरीला १२५ गुण असतात. सर्वांत मोठा वाटा दीर्घ पल्ल्याच्या धावेचा. सुमारे २२ किलोमीटरच्या या धावेला २७५ गुण आणि तीत वापरलेल्या इंधनाच्या किंवा विजेच्या काटकसरीला १०० गुण.

हे आकडे बारकाईने पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. ज्या संघाची मोटार विलक्षण वेगवान आहे, परंतु विसाव्या किलोमीटरला तेलाची नळी फुटून थांबते, तो संघ मोठ्या धावेचे बहुतेक गुण आणि काटकसरीचे सर्व गुण एकदम गमावतो. उलट, ज्याची मोटार साधी पण टिकाऊ आहे, तो संघ वरच्या क्रमांकांत सहज येऊ शकतो. शिवाय मैदानात उतरण्यापूर्वी प्रत्येक मोटारीची तांत्रिक तपासणी होते. ब्रेक दाबताच चारही चाके जखडतात की नाही आणि मोटार एका बाजूला ४५ अंशांपर्यंत कलविली असता इंधन गळते की काय, हे पाहिले जाते. येथेच एखादा दिवस गेला, तर पुढील काही शर्यती हुकतात.

म्हणून 'आमचा क्रमांक चाळिसावा आला' हे वाक्य अभ्यासाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे. 'हजारांपैकी आमचे कोणते गुण कोठे गेले' हा प्रश्न उपयोगी आहे. क्रमांक इतर संघांवरही अवलंबून असतो. गुणांची गळती ही आपली स्वतःची असते आणि म्हणूनच ती थोपविता येते. स्पर्धेहून परतलेल्या संघाने सर्वप्रथम हा ताळेबंद मांडावा. ग्रामपंचायतीच्या जमाखर्चात जसे प्रत्येक रकमेला खाते असते, तसे प्रत्येक गमावलेल्या गुणाला कारण असले पाहिजे.

बंगालच्या उपसागरातील धडा

अपयशाचा अभ्यास ही केवळ विद्यार्थ्यांची गरज आहे, असे मात्र नाही. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून भारताच्या पहिल्या उपग्रह-प्रक्षेपक यानाचे, एसएलव्ही-३ चे, उड्डाण झाले. सुमारे १७ टन वजनाच्या त्या यानाचा पहिला टप्पा निर्दोष चालला. दुसऱ्या टप्प्यात नियंत्रण सुटले आणि ३१७ सेकंदांनंतर यान श्रीहरिकोट्यापासून ५६० किलोमीटरवर बंगालच्या उपसागरात कोसळले. कित्येक वर्षांचे श्रम पाच-सव्वापाच मिनिटांत समुद्रात गेले.

त्यानंतर जे घडले, ते प्रत्येक संस्थाप्रमुखाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. उड्डाणाच्या नोंदींची छाननी झाली. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण-व्यवस्थेत नायट्रिक आम्ल वापरले जात होते. त्याची एक झडप कचरा अडकल्याने उघडी राहिली व आम्ल गळून गेले, असे निष्पन्न झाले. प्रकल्पाचे संचालक डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी पुढे अनेक व्याख्यानांत सांगितले आहे की, उलटगणनेच्या अखेरीस संगणकाने थांबण्याची सूचना दिली होती. सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून त्यांनी ती बाजूला सारली आणि यान सोडण्याचा निर्णय घेतला. ही कबुली त्यांनी लपविली नाही. त्या दिवशी वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींना सामोरे गेले ते मात्र कलाम नव्हेत, तर अंतराळ संशोधन संस्थेचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन. अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली. १८ जुलै १९८० रोजी याच मालिकेतील यानाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला, तेव्हा धवन यांनी पत्रकारांसमोर कलाम यांना पुढे केले.

या घटनेत दोन गोष्टी एकमेकींना पूरक आहेत. कारण शोधताना कठोरपणा होता. एका झडपेपर्यंत शोध नेला गेला. माणसांच्या बाबतीत मात्र औदार्य होते. कोणाला बळीचा बकरा केले गेले नाही. किंबहुना, दुसरी गोष्ट नसती तर पहिली शक्यच झाली नसती. ज्या ठिकाणी चूक कबूल करणाऱ्याला शिक्षा होते, तेथे चुका होतच राहतात. फक्त त्यांची नोंद थांबते.

नोंदवही कशी असावी?

स्पर्धेतून परतलेल्या संघाने करावयाचे काम अवघड नाही; मात्र ते तातडीने करावे लागते. स्मृती फार लवकर आपल्या सोयीची होते. महिन्याभराने विचारले, तर प्रत्येक जण वेगळी हकीकत सांगतो आणि प्रत्येकाच्या हकीकतीत चूक दुसऱ्याची असते. म्हणून परतीच्या प्रवासातच, किंवा फार तर आठवड्याच्या आत, प्रत्येकाने स्वतंत्रपणे आपण पाहिलेला घटनाक्रम लिहावा. या टप्प्यावर मत नको, केवळ घटना हवी: किती वाजता काय झाले, कोणी काय पाहिले, कोणता भाग थांबला. त्यानंतर सर्वांनी एकत्र बसून या हकीकती जुळवाव्यात.

यानंतर 'का' हा प्रश्न पुनःपुन्हा विचारावा. जपानमधील टोयोटा कारखान्यात पाच वेळा 'का' विचारण्याची रीत प्रसिद्ध आहे. उदाहरणादाखल एक साखळी पाहू. यंत्र मध्येच थांबले. का? मोटारीला वीज मिळाली नाही. का? तारेची जोडणी निसटली. का? प्रवासातील कंपनाने ती सैल झाली होती. का कळले नाही? पोहोचल्यावर जोडण्या तपासल्या नाहीत. का? तपासावयाच्या गोष्टींची यादीच केलेली नव्हती. पहिल्याच उत्तरावर थांबले असते, तर उपाय 'तार घट्ट बसवा' एवढाच झाला असता आणि पुढच्या वर्षी दुसरी तार निसटली असती. पाचव्या उत्तराशी पोहोचल्यावर उपाय बदलतो: यादी तयार करा आणि ती तपासणाऱ्याची सही घ्या.

हे सर्व एका साध्या नोंदवहीत पाच रकान्यांत मांडता येते: काय घडले, मूळ कारण काय, उपाय कोणता, तो कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. शेवटचे दोन रकाने रिकामे राहिले, तर पहिल्या तीन रकान्यांचा उपयोग नाही, हे कार्यालयीन कामाचा अनुभव असलेल्या वाचकांना सांगावयास नको. याच वहीत काय चांगले झाले, तेही लिहावे. अपयशाच्या कडवटपणात नीट चाललेला भागही मोडीत काढला जातो आणि पुढची तुकडी तोच भाग पुन्हा शोधत बसते.

संस्थेची स्मृती

अभियांत्रिकी महाविद्यालयाची एक अडचण कारखान्याला नसते. येथील अनुभवी माणसे दरवर्षी निघून जातात. स्पर्धेत चूक करणारा, ती ओळखणारा आणि तिचा उपाय जाणणारा विद्यार्थी बहुधा वरच्या वर्गातील असतो. काही महिन्यांत तो पदवी घेऊन नोकरीस लागतो आणि महाविद्यालयाने मोठ्या किमतीला विकत घेतलेले ज्ञान त्याच्याबरोबर जाते. नवी तुकडी पहिल्या पायरीपासून आरंभ करते आणि तीच चूक नव्या उत्साहाने करते. निराशाजनक निकालाची खरी हानी हीच होय. हुकलेला करंडक एका वर्षाचा असतो. विसरलेले कारण पुढची कित्येक वर्षे खाते.

ही अडचण दूर करता येते, हे महाराष्ट्रातीलच दोन उदाहरणांनी दाखवून दिले आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी 'प्रथम' नावाच्या उपग्रहाचे काम २००७ साली हाती घेतले. तो अवकाशात गेला २६ सप्टेंबर २०१६ रोजी. आरंभ करणारे विद्यार्थी तोपर्यंत केव्हाच पदवीधर झालेले होते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला, एक किलोग्रॅमहूनही कमी वजनाचा 'स्वयम्' हा उपग्रह त्याच वर्षी २२ जून रोजी प्रक्षेपित झाला. तोही एका तुकडीचे काम नव्हता. ज्या कामाला पदवीच्या चार वर्षांहून अधिक काळ लागतो, ते काम एका तुकडीने दुसरीच्या हाती नीट सोपविल्यावाचून तडीस जाऊच शकत नाही. स्पर्धेतील संघांनी हीच रीत उचलावयास हवी. वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने संघ सोडण्यापूर्वी नोंदवही खालच्या वर्गातील विद्यार्थ्यास समजावून द्यावी, आणि प्राध्यापकांच्या समक्ष तसा हस्तांतराचा शेरा व्हावा. तलाठ्याच्या दप्तराचा पदभार जसा यादीनिशी दिला-घेतला जातो, तसाच हा.

शाळा, महाविद्यालय आणि पंचायत यांचे कर्तव्य

या कामात विद्यार्थ्यांखेरीज इतरांचाही वाटा आहे. महाविद्यालयाने अनुदानाचा निर्णय केवळ क्रमांकावरून घेऊ नये. विसावा क्रमांक आलेल्या, परंतु कारणमीमांसेचा सविस्तर अहवाल देणाऱ्या संघाला पुढील वर्षी साहाय्य मिळाले पाहिजे. आणि योगायोगाने बक्षीस मिळालेल्या, पण काहीच न लिहिणाऱ्या संघाकडूनही अहवाल मागविला गेला पाहिजे. जपानमधील तंत्रविद्यालयांच्या स्पर्धेत सर्वोच्च सन्मान सामने जिंकणाऱ्यासच मिळतो असे नाही. उत्कृष्ट कल्पनेसाठी पराभूत संघासही तो मिळू शकतो. आपल्या जिल्ह्यातील विज्ञान प्रदर्शनांतही 'उत्कृष्ट अपयश-अहवाल' असे एक पारितोषिक ठेवता येण्यासारखे आहे. त्याला खर्च फारसा नाही, परंतु त्यातून मुलांना मिळणारा संदेश मोठा आहे.

शालेय शिक्षकांचे काम याहून आधी सुरू होते. २०१६ साली केंद्र शासनाने अटल नवप्रवर्तन अभियानाखाली शाळांतून प्रयोगशाळा उभारण्याची योजना आखली आणि निवड झालेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद केली. अशा प्रयोगशाळेत मूल यंत्र जोडते, तेव्हा ते पहिल्या प्रयत्नात चालणार नाही, हे गृहीतच धरले पाहिजे. न चाललेल्या प्रयोगाची वही कोरी ठेवावयाची, किंवा शेजाऱ्याची पाहून भरावयाची, ही सवय शाळेतच लागते. 'प्रयोग चालला नाही. कारण असे असावे' एवढे प्रामाणिक वाक्य लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास गुण देणारा शिक्षक उद्याचा अभियंता घडवीत असतो.

ग्रामपंचायतींना यात काय करता येईल, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. करंजाडेसारखी ठिकाणे या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहेत. येथे जुने गाव आणि आखीव वसाहत शेजारी-शेजारी आहेत. विद्यार्थी आहेत, पण सदनिकांतून राहणाऱ्या या मुलांना यंत्र पसरून चाचणी घेण्यास जागा नाही. वर सांगितलेल्या चारही कारणांचा उगम अपुऱ्या चाचणीत आहे आणि चाचणीची पहिली गरज जागा हीच असते. समाजमंदिर किंवा शाळेचे सभागृह आठवड्यातून दोन सायंकाळी उपलब्ध करून दिले आणि वीजपुरवठ्याची सोय केली, तर अनोळखी जमिनीवर, अनोळखी उजेडात यंत्र चालवून पाहण्याची संधी मुलांना स्पर्धेपूर्वीच मिळेल. गावातील फिटर, वेल्डर, वायरमन यांचा हात आणि सल्लाही तेथे लाभेल. पुस्तकात न सापडणारे दोष अशा कसबी माणसांना पुष्कळदा आवाजावरून कळतात. अहवालांच्या प्रती ग्रंथालयात ठेवल्या, तर पुढच्या वर्षीच्या मुलांना त्या हाताशी राहतील. सत्कार-समारंभातही थोडा बदल करता येईल. जिंकून आलेल्यांना हार घालताना, हरून आलेल्यांनाही व्यासपीठावर बोलवावे आणि 'तुम्हांला काय कळले?' असे विचारावे. घरची माणसे ते ऐकतील. वर्षभराचे श्रम वाया गेले नाहीत, हे त्यांनाही उमजेल. आणि पुढच्या वर्षी मुलाला किंवा मुलीला पुन्हा संघात जाऊ द्यावयाचे की नाही, हा निर्णय ती अधिक समजुतीने घेतील. मुलींच्या बाबतीत तर अनेक घरांत हा निर्णय पहिल्याच अपयशावर होऊन जातो, हे विसरून चालणार नाही.

२०२२ साली ही आंतरराष्ट्रीय यंत्रमानव स्पर्धा भारतात पुन्हा आली. नवी दिल्लीत झालेल्या त्या स्पर्धेचा विषय होता लगोरी. सात चकत्या रचावयाच्या, चेंडूने त्या पाडल्या जातात, आणि पाडल्यावर पुन्हा रचावयाच्या, हा खेळ महाराष्ट्रातील प्रत्येक आळीत खेळला गेलेला आहे. त्या खेळात लगोरी फुटणे हा शेवट नसतो. खरा डाव तेथूनच सुरू होतो. मात्र चकत्या पुन्हा रचावयाच्या, तर त्या कोठे कोठे विखुरल्या, हे कोणीतरी नीट पाहून ठेवलेले असले पाहिजे. विद्यार्थी अभियंत्यांच्या नोंदवहीचे काम तेच आहे.